दोन की सात?

सुमंत रणभिसे यांनी आयुष्यात कुणाला अवघड प्रश्न विचारला नव्हता. मिरज स्टेशनच्या तिकीट खिडकीत तीस वर्षं काढली, पण "कुठं जायचंय?" याच्या पलीकडे कधी गेले नाहीत. म्हणूनच मिरज आणि सातारा या दोन ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुलांमध्ये दरवर्षी होणाऱ्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, प्रश्नमंजुषेचे प्रश्न काढायचं काम गेली अकरा वर्षं बिनविरोध त्यांच्याकडे होतं. यंदा तर त्यांनी प्रश्न आणखीच सोपे काढले होते. साताऱ्याच्या मुलांना घेऊन फौजेतले निवृत्त सुभेदार शांतवन सातपुते येणार होते आणि प्रीतिभोजन उरकल्यावर ते आपल्या मुलासाठी, राजससाठी, सुमंतरावांच्या मयूरीला मागणी घालणार होते.

पोरांचं आपसांत कधीच ठरलं होतं. उरला होता तो मोठ्यांचा होकार. आणि सुभेदार म्हणजे कडक माणूस, शास्त्राचा काना-मात्रा हलू द्यायचे नाहीत, असं मध्यस्थ बजावून गेला होता.

इथंच सुमंतरावांची अडचण होती. मयूरीनं तिच्या कॉलेजातल्या सरांकडून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पवित्र शास्त्र कुणी, कधी, कसं लिहिलं याचा कुणाचीही बाजू न घेता केलेला अभ्यास. मयूरीच्या आधी तिच्या बापानंच ते चोरून वाचून काढलं. त्यांचा विश्वास उडाला नाही. उलट देवाबद्दलची ओढ वाढलीच. पण जग सहा दिवसांत झालं आणि ते दिवस चोवीस तासांचेच होते, असं रविवारच्या शाळेत पोरांना सांगताना हल्ली त्यांना नेमका खोकला यायचा.

"आज खोकू नका," निघताना बायकोनं, रेश्माताईंनी, दम भरला. "आणि ते 'विद्वानांच्या मते' तर तोंडातनं काढूच नका. पोरीचं लग्न मोडंल."

"मी काय बोलतोय? मी फक्त प्रश्न वाचणार," सुमंतराव म्हणाले.

चर्चच्या आवारात त्यांनी पहिला प्रश्न वाचला. डोळे मिटून उत्तर यावं म्हणून मुद्दाम निवडलेला. "महापुराच्या वेळी नोहानं तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?"

"दोन!" साताऱ्याची पिंकी ओरडली. "एक नर, एक मादी."

"बरोबर," सुमंतराव म्हणाले आणि सुभेदारांकडे बघून हसले.

"कसं काय बरोबर?" मिरजेच्या मुलांची तयारी करून घेणारे नानासो उठले. "शुद्ध, म्हणजे होमाला चालणारी, जनावरं सात सात घेतली. सातवा अध्याय, दुसरं वचन. आमच्या पोरांनी पाठ केलंय."

"आवं, सहावा अध्याय बगा की," सुभेदार कडाडले. "एकोणिसावं वचन. दोन म्हंजे दोन!"

पानं फडफडली. सहाव्यात दोन होते, सातव्यात सात. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच पानाच्या अलीकडे-पलीकडे. हे सुमंतरावांना ते जाडजूड पुस्तक वाचल्यापासून पाठ होतं, पण सोप्या प्रश्नाच्या नादात ते साफ विसरले होते.

सुभेदारांनी फौजेतला तोडगा काढला. "पयला हुकूम दोनचा. मागनं सुधारित हुकूम आला सातचा. हाय काय अन् न्हाय काय!"

"मग आठवं-नववं वचन वाचा," नानासो म्हणाले. "सुधारित हुकमानंतरसुद्धा शुद्ध-अशुद्ध सगळी जोडीजोडीनंच आत गेली. म्हणजे हुकूम नवा आणि जनावरं जुन्याच हुकमावर?"

"म्हंजे तुमचं सातबी खोटं!" सुभेदार म्हणाले.

आपण स्वतःच्याच मुलांचे गुण घालवले, हे नानासोंच्या उशिरा लक्षात आलं. तेवढ्यात पिंकीनं बोट वर केलं. "पण सर, पूर ओसरल्यावर नोहानं शुद्ध जनावरांचा होम केला ना? दोनच शेळ्या होत्या आणि त्यातली एक होमात गेली, तर मग आज आपल्या जेवणात मटण कुठनं आलं?"

मटणाचा वास मघापासून जेवणाच्या मांडवातून येतच होता. सगळ्यांनी एकदा तिकडे बघितलं आणि मग भांडण खरं पेटलं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी निकाल द्यावा म्हणावं, तर त्यांची सासुरवाडी साताऱ्याची. मिरजकर अडून बसले. पलीकडच्या गल्लीतल्या पाळकांना बोलवावं, तर ते बाप्तिस्मा पाणी शिंपडून नाही, पाण्यात बुडवून देतात. त्याला दोन्हीकडच्यांची हरकत. "ज्याला दोन जिंकले काय, सात जिंकले काय, काही फरक पडत नाही असा माणूस पाहिजे," पाळकसाहेब हताश होऊन म्हणाले.

"आमचे कॉलेजचे मिलिंद सर आहेत की," मयूरी म्हणाली. "पाली शिकवतात, सगळ्या धर्मांच्या जुन्या ग्रंथांचा अभ्यास आहे त्यांचा. बौद्ध आहेत. कवठे महांकाळहून आज तंबोऱ्याला तारा चढवायला मिरजेतच आलेत."

सुमंतरावांनी लेकीला डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, शेवटी खोकून पाहिलं. पण दोन्ही बाजू एका सुरात "बोलवा, बोलवा" म्हणाल्या होत्या. अर्ध्या तासात सर तंबोरा खांद्याला लावून हजर झाले.

"मी तुमच्या घरातला नाही," ते संकोचून म्हणाले. "मी कशाला बोलू?"

"म्हनूनच बोला," सुभेदार म्हणाले. "घरातल्यांनी लय घोळ घातलाय."

सरांनी दोन्ही अध्याय शांतपणे वाचले. "हे बघा, पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं असं की महापुराची गोष्ट पूर्वी दोन तऱ्हांनी सांगत. एकीत दोन, एकीत सात. पुढं कुणीतरी त्या एकत्र गुंफल्या आणि गुंफताना एकही टाकली नाही. दोन्ही वाडवडलांकडूनच आलेल्या. टाकणार कुठली?"

सुमंतराव मनात म्हणाले, सुटलो, हे सगळं सर म्हणालेत, मी नाही.

"आणि मला कशाला बोलावलंत?" सर मोकळेपणानं पुढे म्हणाले. "मयूरी म्हणते, माझं पुस्तक आठ महिने तिच्या वडिलांकडेच आहे. त्यांचं वाचून झालं की मी परत मागणार होतो."

सगळ्या माना सुमंतरावांकडे वळल्या. रेश्माताईंनी डोक्याला हात लावला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देऊन जेवणाची प्रार्थना सुरू केली. "आमेन" होताच सुभेदार उठले आणि हात धुवायच्या नळाकडे गेले. तिथून त्यांनी सुमंतरावांना बोटानं बोलावलं.

"रनभिसे, खरं सांगा. तुमी पोरास्नी शास्त्र शिकवता, आन् तुमालाबी ह्ये असंच वाटतं?"

खोटं बोलावं तर देवाचं आवार, खरं बोलावं तर पोरीचं लग्न. सुमंतराव म्हणाले, "वाटतं. देवावर माझा भरवसा आहे, सुभेदार. पण जिथं मेळ बसत नाही, तिथं बसतो म्हणून पोरांना सांगवत नाही."

सुभेदारांनी नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. मग हळूच म्हणाले, "बारा वर्साचा हुतो. ह्योच सवाल बापाला इचारला. दोन का सात? खाडकन् कानाखाली! तवापासनं त्वांड शिवलं. पुढं फौजेत गेलो, तितंबी सवाल करायची सोय न्हाई. आज त्या सरांनी पन्नास वर्सांचं वझं उतरिवलं बगा."

"पण तुम्ही तर लय कडक, असं मध्यस्थ..."

"मी कडक? आवं, मला त्यानं सांगितलं, मिरजकर लय कडक! म्हनून आठ दिस झालं घोकतोय. निगताना बायकूनं दम दिला, तितं शंका काडू नगा, पोराचं लगीन मोडंल!"

सुमंतरावांना हसू आवरेना. सुभेदार तर नळाला धरून हसायला लागले. खांद्यावरून कुणीतरी मोठं गाठोडं उतरवून घ्यावं तसं सुमंतरावांना वाटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. लांबून बघणाऱ्या रेश्माताईंना वाटलं, दोघांची जुंपली. त्या पदर खोचून धावत आल्या.

"काय झालं? काय म्हणाले हे?"

"मागणी पक्की, वैनी," सुभेदार म्हणाले.

"आणि... आणि ते शास्त्राचं?"

"त्याच्यावरही आमचं दोघांचं एकमत झालंय," सुमंतराव डोळे पुसत म्हणाले.

"म्हणजे दोन की सात?"

"आम्हाला दोघांनाही ठाऊक नाही!"

रेश्माताईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाई. मलासुद्धा कधी पटलं नव्हतं."