सुभेदारांच्या गोठ्यातली गिनती

दिवस मावळला की आमचे शेजारी सुभेदार फौजेतली जुनी टोपी घालून गोठ्यासमोर ताठ उभे राहतात आणि जनावरांची हजेरी घेतात. ते तिला गिनती म्हणतात. "सोन्या" म्हटलं की बैल कान हलवतो, "कपिली" म्हटलं की गाय शेपटी उडवते. आणि "चंद्री" म्हटलं की त्यांची म्हैस अशी काही रेकायची, की आमच्या घरातलं तान्हं पोर दचकून उठायचं.

"रिपोर्ट खरा पाहिजे" हे त्यांचं पालुपद. त्यानं मला चांगलंच गोत्यात आणलं. कृष्णेचा पूर ओसरला आणि पंचनाम्याला तलाठी आला. भला माणूस, सुभेदारांच्या बांधावरूनच 'ऊस पूर्ण गेला' असं लिहायला लागला. दुसरा कुणी असता तर चहा पाजला असता.

"थांबा," सुभेदार म्हणाले. "कडंच्या सरीत ऊस उभा हाय. उभ्याला आडवा लिवायचा न्हाई."

आणि त्या बिचाऱ्याला गुडघाभर चिखलातून ती सरी दाखवायला घेऊन गेले. परत येताना तलाठ्याची नजर शेजारच्या रानावर गेली. ते रान माझं. कडेचा ऊस माझाही उभाच होता हो! मी आपला आभाळाकडं बघत राहिलो.

पण घोडं अडलं ते चंद्रीवर. गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा सुभेदारांनीच सगळ्यांची दावी सोडली होती. बैल आणि गाय पोहत माळाला लागली. चंद्री धारेत सापडली, ती पुन्हा दिसली नाही. तलाठ्यानं 'वाहून जाऊन मयत' असं लिहिलं, पंच म्हणून माझी सही झाली, आणि कागद सुभेदारांपुढं गेला.

"मेलेली तुमी बघितली?" त्यांनी विचारलं. "मी बी न्हाई. मिसिंग लिवा."

मिसिंग म्हशीला सरकार मदत देत नाही, हे तलाठ्यानं सांगितलं, मी सांगितलं, त्यांच्या सूनबाईनं, वंदनानं तर रोज सांगितलं. तिचा नवरा सीमेवर, कपिली भाकड, घरचं दूधदुभतं सगळं चंद्रीवर, आणि नवी म्हैस यायची ती त्या मदतीतूनच. सुभेदार शांतपणे ऐकायचे आणि त्यांच्या पलटणीतला एक मिसिंग जवान बर्फातून चालत कसा परत आला, ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. असला खरेपणा शेजारी असू नये, लय ताप होतो.

संध्याकाळची गिनती मात्र चालूच. "चंद्री" म्हणून ते रिकाम्या खुंट्याकडं बघत थांबायचे आणि स्वतःच सांगायचे, "छुट्टीवर." आत वंदना भांडी आपटायची.

मदतीची यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तलाठी पुन्हा आला. वंदनानं त्याच्यापुढं कोरा चहा ठेवला आणि मान खाली घालून आत गेली. सुभेदार स्वतः कितीतरी दिवस बिनतक्रार कोराच पीत होते. पण दारी आलेल्या माणसाला कोरा चहा! ते त्या कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी पेन मागून घेतलं.

"मेली म्हनून लिवा," म्हणाले आणि सही केली.

मदत खात्यावर पडली, नवी म्हैस आली. सुभेदारांनी तिच्यासाठी वेगळा खुंटा ठोकला. त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, म्हटलं आता गंमत बघू.

टोपी घालून ते उभे राहिले. "सोन्या. कपिली." आणि थांबले. मेली म्हणून सही केलेला माणूस. रिपोर्ट खरा पाहिजे. जुन्या खुंट्याकडं न बघता त्यांनी नव्या म्हशीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

दूध तापवत असलेली वंदना पदराला हात पुसत दारात आली.

"मामा," ती म्हणाली, "एक नाव राहिलं की."

सुभेदारांनी टोपी सरळ केली.

"चंद्री."

आणि ते जुन्या खुंट्याकडं वळले. मग दारातून वंदनाच म्हणाली, "छुट्टीवर."