मूळ कागद कुठंय?

लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तर जगदाळेकाकांनी ती उजेडाकडे धरली, उलटसुलट केली आणि विचारलं, "ही झेरॉक्स न्हाय ना? मूळ हाय?"

असे आमचे काका. साताऱ्याकडचे, मार्केटात जन्मभर हमाली केलेले, आता कोपरखैरण्यात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. लाइटबिल आलं की मूळ दाखवा. गॅसवाला आला की त्याचं ओळखपत्र नखाने खरवडून बघणार. सोसायटीच्या नोटिशीवरची माझी सहीसुद्धा बोटाने चोळतात. मी सेक्रेटरी. पगार शून्य, वर हे.

यंदा बिल्डरकडून प्लॉट सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं ठरलं. त्याआधी प्रत्येक फ्लॅटच्या करारावर पुरेशी स्टॅम्प ड्युटी भरलीय का, हे मुद्रांक कार्यालयाला तपासायचं होतं. मूळ करार महिनाभर तिथे जमा करायचे. सगळ्यांनी दिले. काकांनी काय द्यावं? झेरॉक्स.

झालं. चेअरमन म्हणाले, करार गहाण टाकलाय. कुणी म्हणालं, स्टॅम्पच बोगस. मलाही वाटलं, इथे पाणी मुरतंय. खोटं कशाला बोलू, मी दाराच्या भिंगातून त्यांच्या दारावर पाळत ठेवायला लागले. तिकडून तेही भिंगाला डोळा लावून माझ्यावर ठेवत असणार, याची मला खात्री होती.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा माझं डोकं फिरलं. तडक त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, तुमच्या एकट्यापायी अख्ख्या बिल्डिंगचं काम अडलंय, स्टॅम्प कमी असेल तर तोंडाने सांगा.

काका चिडले नाहीत. आधी मला हात धुऊन यायला लावलं. मग तांदळाच्या डब्यातून पिशवीत गुंडाळलेला करार काढला आणि थेट शेवटचं पान उघडलं. त्यांच्या सहीखाली आणखी एक सही होती. सुमन. त्यातला 'न' घसरून खालच्या ओळीत गेलेला.

काकू जाऊन सहा वर्षं झाली. बाई कायम अंगठा लावायच्या. पण स्वतःच्या घराच्या कागदावर अंगठा लावणार नाही म्हणाल्या आणि आठ दिवस बसून तीन अक्षरं शिकल्या. काकांनी पान उलटलं, माझं बोट धरून मागच्या बाजूवर ठेवलं. पेन इतकं दाबून चालवलं होतं की अक्षरं मागे उठली होती.

"झेरॉक्सवर हे हाताला लागत न्हाय, बाई."

मला रडूच आलं. पाळत ठेवल्याची लाज वाटली ती वेगळीच. जरा वेळाने मी म्हटलं, प्लॉट नावावर झाला नाही, तर काकूंनी सही केलेलं घर कायम अर्धवटच राहील.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून काका माझ्यासोबत आले. करार स्वतःच्या हाताने दिला. मिळालेली पोच उजेडाकडे धरून क्लार्कला विचारलं, मूळच ना?

महिन्याने आम्ही करार परत आणायला गेलो. काकांचा स्टॅम्प पूर्ण होता. कमी निघाला तो माझ्या करारावर, आणि आता चेअरमन माझ्याकडे तिरके बघतात.

काकांनी मात्र स्टॅम्पकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीपाशीच शेवटचं पान उलटलं, डोळे मिटले आणि मागून बोट फिरवलं. मागे रांग खोळंबली होती. 'न'पर्यंत बोट गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हाय," म्हणाले.