ठिपके सरांचं प्रमाण

आमच्या कुरुंद्याच्या शाळेतले ठिपके सर शर्टाच्या खिशात पेन ठेवत नसत. तिथं हातभर काळा दोरा असायचा अन् घडी घातलेला आलेख कागद. पेन ते कोणाचाही मागून घेत. दोरा मात्र स्वतःचाच लागे.

खरं नाव माणिकराव; 'ठिपके' हे पोरांनी पाडलेलं. पण नव्या हेडमास्तरांनी पहिल्याच सभेत "आपले गणिताचे श्री. ठिपके" असं म्हणून टाकलं. सरांनी दुरुस्तीसुद्धा केली नाही. कोण किती मिनिटं बोलला अन् तेवढ्यात किती जणांनी जांभई दिली, याचे ठिपके मांडण्यात ते गढले होते. हेडमास्तरांचा ठिपका कागदाबाहेर गेला, हे त्यांनी नंतर त्यांनाच जाऊन सांगितलं. धन्य माणूस!

कागदभर ठिपके पडले की सर दोरा ताणायचे. निम्मे ठिपके वर अन् निम्मे खाली राहतील असा. मग एक डोळा मिटून म्हणायचे, "ठिपक्याकडं काय पाहून राहिले? ठिपका आज वर, उद्या खाली. चढ पाहा, चढ!"

एकदा हळदवाला नामदेव मोठ्या ऐटीत आला. यंदा त्याची हळद सख्ख्या भावापेक्षा दुप्पट झाली होती. सरांनी त्याला ओट्यावर बसवलं, कोणत्या वाफ्याला किती पाणी दिलं अन् किती वजन भरलं ते विचारलं, भावालाही बोलावून घेतलं. दोन कागद, दोन दोरे. म्हणाले, "नामदेवा, तुझा ठिपका वर हाये, पर दोरा आडवा निजला की रे! तू पाणी वाढवून राहिला, हळद जागची हलून राहिली न्हाई. भावाचा दोरा पाहा, एकेका पाण्याला कसा उठून राहिला. तुझी पाण्याची मोटार त्याला दे."

"माझी मोटार मी काहून देऊ?" म्हणून नामदेव जो उठला, तो हंगामभर सरांशी बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यानं गुपचूप दोन पाणी कमी केली. हे त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे खरंच असणार.

माझीही अशीच जिरली होती. मी मराठी शिकवतो, अन् सरांचा सख्खा शेजारी. मधली भिंत एकच. एका वर्षी मला खुमखुमी आली. माझ्या दहावी 'अ'ची अन् सरांच्या 'ब'ची पोरं रोज किती तास अभ्यास करतात अन् किती मार्क पाडतात, याचे ठिपके मी दोन कागदांवर मांडले अन् दोरे ताणून स्टाफरूमच्या भिंतीला लावले. माझा दोरा चांगला उभा चढला होता. सगळ्यांनी वाहवा केली. सरांनी दोऱ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट कागदाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"प्रमाण?"

मी एका सेंटिमीटरला पाच मार्क धरले होते अन् त्यांच्या कागदावर दहा. म्हणजे तेवढेच मार्क माझ्याकडं दुप्पट उंच दिसणार. शप्पथ सांगतो, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सर, उंदराला भिंगातून पाहून हत्ती म्हणता व्हय?" ते मला म्हणाले. स्टाफरूम हसली. ते हसले नाहीत. "दोन चढ ताडून पाहायचे तर प्रमाण एक पायजे. प्रमाण बदलून चढ दाखवणारा माणूस लबाड. त्याच्या हातचं पाणी पिऊ नये."

दोन दिवस त्यांनी खरंच माझ्या घरचा चहा घेतला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, गावात एसटीडीचा पिवळा डबा नुकता आला होता तेव्हा, सरांच्या बायकोच्या, नर्मदावहिनींच्या, अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "रोज चालवा. आता बसल्या तर कायमच्या बसतील."

सरांना मूलबाळ नाही. घरात दोघंच. भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ मला सरांची मोजणी ऐकू यायची. "एक... दोन... शाबास... तीन..."

दवाखान्यात वहिनींच्या शेजारच्या खाटेवर तांड्यावरची जमनाबाई होती. दुखणं तेच, वयही तेवढंच. ती बाजाराच्या दिवशी काठी टेकत स्वतःच्या पायानं भेटायला आली अन् कौतुकानं आपली रोजची पावलं सांगून गेली. त्या दिवसापासून वहिनी खाटेवरून उठेनात. "ती कुठल्या कुठं गेली, अन् मी हितंच. आता न्हाई होत माझ्यानं," एवढंच म्हणत.

भिंतीपलीकडची मोजणी थांबली. आठ दिवस मला त्या शांततेत धड जेवण गेलं नाही.

नवव्या दिवशी सरांनी मला हाक मारली. वहिनींच्या खाटेसमोर भिंतीवर दोन आलेख कागद होते. एकावर जमनाबाईची पावलं, एकावर वहिनींची. दोन्हींवर काळा दोरा.

"तुमी तिसरे मानूस. सांगा हिला, कोनाचा चढ जास्त हाये?"

दोरे अगदी सारखे चढले होते. माझी नजर सवयीनं कोपऱ्याकडं गेली. ती सवय त्यांनीच लावलेली. जमनाबाईच्या कागदावर एका सेंटिमीटरला वीस पावलं. वहिनींच्या कागदावर पाच.

मी सरांकडं पाहिलं. सर माझ्याकडं पाहत होते. कागद सोडून माणसाच्या तोंडाकडं पाहताना त्यांना मी प्रथमच पाहिलं.

"बराबर सारखा हाये वहिनी," मी म्हणालो. "तसूभर फरक न्हाई."

"पाहा! मी सांगून राहिलो ना!" म्हणत सर घाईघाईनं चहा टाकायला आत गेले.

वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. बोलणं अजून जड होतं. "भाऊजी, मी सातवी शिकलेली. पर सव्वीस वर्षं यांच्या घरात काढली. कोपऱ्यातलं प्रमाण मला वाचता येतं."

मी आतल्या दाराकडं नजर टाकली.

"यांना सांगू नका. जलमात पहिल्यांदा लबाडी केली या मानसानं, अन् ती बी माझ्यापायी. आता यांची रेघ मलाच खरी करून द्यावी लागन."

सर चहा घेऊन दारात आले. वहिनींनी उजव्या हातानं भिंत धरली अन् उठल्या. डावा पाय ओढत दाराकडं निघाल्या. चहा बाजूला ठेवून सर मनात मोजू लागले.

"सहा झाली," दारापाशी पोचून वहिनी म्हणाल्या.

"पाच," सर डोळे पुसत म्हणाले. "मोजनीत चूक नको नर्मदा. पाचच झाली."

वहिनींनी आणखी एक पाऊल टाकलं.

"घ्या. आता मांडा सहा."