एकही खिळा नसलेला पाळणा

आमच्या हातची वस्तू कधी डगमगत नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. अंधेरीतली एसी ऑफिसची नोकरी सोडून मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला आणि लाकडी फर्निचर करायला लागलो, तेव्हापासून आमचा एकच बाणा. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही! एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि वरून घट्ट पाचर. डिझाइन मी करतो, घडवतो मी आणि माझा भागीदार काशीराम, आणि आमच्या कार्डावर माझ्या बायकोनं, गंधालीनं, झोकात छापून घेतलंय: 'जोडलेलं सुटत नाही.'

बाबांना यातलं काही पटत नव्हतं. त्यांचा जन्म बँकेच्या लॉकररूममध्ये गेला. निवृत्तीनंतर पार्ल्यात फिरायला निघाले आणि कुणी विचारलं, "देवदत्त, मुकुल काय करतो हल्ली?" की ते चष्मा पुसत म्हणायचे, "हल्ली जरा मोकळा आहे." इथे मी दिवसभर भुशानं माखून घरी येतोय, आणि म्हणे मोकळा! मला ते फार लागायचं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीला, शर्मिष्ठाला, मुलगा झाला. बारसं आमच्याकडे, पार्ल्याच्या घरी. मी लगेच जाहीर केलं, "पाळणा माझ्याकडून."

"स्वतः करणार?" बाबांनी विचारलं.

"दुसरं कोण करणार?"

बाबांनी चष्मा पुसला. "नीट झाला तर बारशाला येणाऱ्या एकेकाला मी सांगेन, माझा मुलगा फर्निचर करतो म्हणून. नाही झाला, तर तू मोकळाच आहेस."

झालं! मी पेटलो. एका पाडलेल्या इमारतीचे सागवानी वासे मिळवले. दोन कमानदार खांब, मध्ये झुला, आणि मुंबईतली घरं लहान म्हणून झुल्याखाली थेट जमिनीपर्यंत एक मोठा ड्रॉवर. लंगोट, दुपटी, खुळखुळे, सगळं आत. शिवाय ड्रॉवर दोन्ही बाजूंनी उघडणारा. आईला इकडून, बापाला तिकडून. बसवला इतका चपखल की फटीत पत्त्यांतलं एक पान शिरेना. हात फिरवला की लोणी. पाळणा टेम्पोतून उतरवला तेव्हा बाबांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि चक्क "हं" म्हणाले. आमच्या घरात ही पद्मश्री समजतात.

बारशाला हॉल बायकांनी गच्च भरला. पाळण्याचे फोटो निघाले. गंधालीनं सगळ्यांना कार्डं वाटली. बाबा पेढे आणायला खाली गेले होते आणि शर्मिष्ठा बाळाला पाजायला आतल्या खोलीत. म्हणजे सगळं कसं झकास चाललं होतं. आणि तेव्हा आमच्या शकुआत्यानं पाळण्याला वळसा घातला, कंबरेवर हात ठेवले आणि विचारलं, "मुकुल, हा खालून मोकळा कुठाय रे?"

"मोकळा कशाला हवा? ड्रॉवर आहे ना."

"आणि पोर कुठून नेणार? तुझ्या डोक्यावरून?"

मी ड्रॉवरकडे पाहिलं. बारशात बाळ पाळण्यावरून द्यायचं आणि पाळण्याखालून घ्यायचं, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत. हे मी लहानपणापासून शंभर वेळा पाहिलंय. पाहिलंय म्हणजे, घुगऱ्या खाता खाता पाहिलंय. लंगोटांची जागा मोजली, खुळखुळ्यांची मोजली, आणि ज्यासाठी पाळणा करायचा तेच विसरलो! झुला आणि ड्रॉवर यांच्यात जागा होती चार बोटं. त्यातून बाळ काय, बाळाचं अंगडंसुद्धा घडी घालूनच गेलं असतं.

"पाळणा उचलून धरू या," माझे मेहुणे नंदकिशोर म्हणाले. बाळाचे वडील ते. चार पुरुषांनी हात लावला, आणि चौघांनी तो लगेच काढून घेतला. सागवान आहे हो, चेष्टा नाही.

बायकांची कुजबुज वाढली. बाबा कुठल्याही क्षणी वर येणार होते. आणि अशा वेळी माझ्यासारख्या कल्पक माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं.

"आत्या, ड्रॉवर दोन्हीकडून उघडतो. तू इकडून ठेव, मी हळूच सरकवतो, गंधाली तिकडून उचलेल. म्हणजे पाळण्याखालूनच गेलं की नाही?"

आत्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "आधी थोरला जाऊ दे."

थोरला म्हणजे वरवंटा. आमच्यात बाळाआधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला कुंची घालायची, काजळाची तीट लावायची, थोरल्या भावाचा मान द्यायचा. दृष्ट लागायची ती त्याला लागू दे. आत्यानं तर बाळाच्याच कापडाची, तसाच लाल गोंडा असलेली कुंची त्याच्यासाठी शिवली होती. दुरून कुणी फसावं असा दिसत होता.

"गोविंद घ्या," म्हणत आत्यानं थोरल्याला ड्रॉवरमध्ये निजवलं. मी एका बोटानं, केवळ एका बोटानं, ड्रॉवर सरकवला. सगळ्या 'वा' म्हणाल्या. आत काहीतरी गडगडलं, खट्ट झालं, आणि बोटभर फट उरली असताना ड्रॉवर थांबला.

मी ढकलला. गंधालीनं ओढला. मग उलटं करून पाहिलं. ढिम्म! दगड आत गडगडत जाऊन तिरपा उभा राहिला होता आणि वरच्या फळीला अडकून बसला होता. फटीतून फक्त कुंचीचं टोक आणि लाल गोंडा बाहेर लोंबत होता.

नंदकिशोर स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. "स्क्रू कुठायत?"

"नाहीयेत."

"मग हे उघडायचं कसं?"

"उघडायचं नसतं."

"अहो, ड्रॉवर आहे ना हा?"

मी घाईघाईनं मरोळला काशीरामला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, पाचर अशी मार की ब्रह्मदेवालाही निघू नये? मग आता माझ्यानं कशी निघेल? तरी हत्यारं घेऊन येतो."

तोपर्यंत आम्ही सगळे पाळण्याभोवती जमिनीवर. आत्या मारुतीचं नाव घेतेय, नंदकिशोर फटीत उलथनं घालतायत, गंधाली माझ्यावर ओरडतेय, "तुलाच हौस होती त्याला आत घालायची!" आणि नेमके तेव्हा दारात बाबा उभे राहिले, हातात पेढ्यांचे खोके घेऊन.

त्यांनी गर्दी पाहिली. बंद ड्रॉवर पाहिला. लोंबणारा लाल गोंडा पाहिला.

खोके खाली पडले. बाबांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. मी "बाबा, अहो तो" एवढंच म्हणालो असेन, तोवर ते स्वयंपाकघरात जाऊन नारळ फोडायचा कोयता घेऊन आलेसुद्धा! सकाळी उठताना गुडघे धरणारा हा माणूस आहे, लक्षात घ्या.

"बाजूला व्हा सगळे!"

पहिला घाव बसला आणि कोयता टणकन उडाला. बायका किंचाळल्या. त्यामुळे बाबांची उरलीसुरली खात्री पटली. दुसरा घाव. तिसरा. "बाबा, ऐका ना," मी ओरडत होतो, पण हे मी बाबांसाठी ओरडत होतो की सागवानासाठी, ते आज शपथेवर सांगता येणार नाही. सांधा मात्र हलेना. माझी छाती एकीकडे अभिमानानं फुगत होती आणि दुसरीकडे फाटत होती. शेवटी वरची फळीच उभी चिरली आणि ड्रॉवर सुटून थेट गंधालीच्या पायाशी गेला.

बाबांनी कोयता टाकला, कुंचीतलं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. "आलो रे राजा, आजोबा आले," असं म्हणत त्यांनी त्याच्या गालाला गाल लावला.

आणि ते जागच्या जागी थिजले.

"हा गार पडलाय," बाबा म्हणाले.

इतका तुटका आवाज मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वरवंटा आहे हे ठाऊक असूनही आलं. आत्या कशीबशी म्हणाली, "देवदत्ता, अरे तो थोरला आहे." त्याच वेळी आतल्या खोलीतून बाळानं सणसणीत टाहो फोडला. बाबांचे हात सैल पडले, आणि थोरला सरळ त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उतरला.

बाबांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. जाता जाता बाबांनीच बजावलं, "मुहूर्त चुकवू नका." मग शेजारच्यांकडून लोखंडी नळ्यांचा पाळणा आणला. खालून ऐसपैस मोकळा. त्याचे स्क्रू कुणी आवळले? मी! हातात नंदकिशोरांचा स्क्रूड्रायव्हर, आणि समोर दारात नुकताच हत्यारं घेऊन पोचलेला काशीराम. त्यानं खाली पडलेलं आमचं कार्ड उचलून खिशात घातलं.

संध्याकाळी बाबांना घरी आणलं. पायाला प्लास्टर, मांडीवर नातू. पाहायला आलेल्यांनी हॉल भरलेला, आणि कोपऱ्यात माझा चिरलेला पाळणा. आता मी जन्माचा मोकळा, असं धरूनच मी चहाचे कप देत होतो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "देवदत्त, मुकुल काय करतो म्हणालात?"

बाबांनी चष्मा काढला. सावकाश पुसला.

"फर्निचर करतो," ते म्हणाले. "सगळा जन्म लॉकर सांभाळले मी. पण कोयत्याचे तीन घाव खाऊन सांधा हलत नाही, असं काही पाहिलं नव्हतं. जा, हात लावून बघा."

लोक खरोखर उठून हात लावून आले! मी कप ठेवून आत गेलो आणि उगाचच आणखी चहा टाकला.

त्या दिवसापासून पार्ल्यातून सारखे फोन येतायत. पाळणा एकालाही नकोय. सगळ्यांना दागिने ठेवायला लाकडी कपाट हवंय, चोराच्या बापालाही न उघडणारं. आम्ही ऑर्डरी घेतल्या आहेत. मालकाला ते कसं उघडायचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही कृपा करून विचारू नका.