परबांच्या काचेतल्या मुंग्या

सगळं जग साखरेच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवतं, ती मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून. आमच्या शेजारच्या परबांनी ठेवली होती, ती मुंग्या बाहेर येऊ नयेत म्हणून. ताटलीत एक उभी लाकडी चौकट, दोन्ही बाजूंना काच, मधे बोटभर माती आणि मातीत काळ्या मुंग्या. पाळलेल्या. कुत्रं पाळलं असतं तर निदान भुंकलं तरी असतं.

अंबरनाथ पश्चिमेला आमची चाळ. परब उभा जन्म कारखान्यात लेथवर होते. बायको आधीच गेलेली, मुलगा सकाळी जायचा तो रात्री उगवायचा. रिटायर झाल्यावर महिनाभर हा माणूस रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून दारात उभा राहायचा आणि परत आत जायचा. मग एक दिवस उल्हासनगरहून तसबिरीच्या दोन काचा घेऊन आले. पट्ट्या ठोकल्या, फटींत काचेला लावतात ती लांबी भरली. उजेडात मुंग्या खणत नाहीत म्हणून जुन्या छत्रीचं काळं कापड वरून सोडलं.

मी विचारलं, "भाऊजी, हे कशाला?"

म्हणाले, "वहिनी, दिवसभर बघू कुणाकडे? कुणीतरी काम करणारं नको का समोर?"

रविवारी सकाळी सगळी चाळ टीव्हीसमोर, परब काचेसमोर. कुणी हाक मारली की बोट ओठावर ठेवायचे. "शिफ्ट चालू आहे." मुंग्या माती वर आणायला लागल्या की फर्स्ट शिफ्ट, दुपारी कोपऱ्यात गोळा झाल्या की कँटीन. त्यातल्या एकीला ते लीडर म्हणायचे. "बघा, काही उचलत नाही. नुसती मिशा लावून सगळ्यांशी बोलत फिरते."

मी म्हटलं, सगळ्या सारख्याच दिसतात, ही तीच कशावरून? ते म्हणाले, कामचोर लांबून ओळखू येतो. एकदा मोठा शोध लावल्यासारखे सांगत आले, की वहिनी, राबणाऱ्या मुंग्या सगळ्या बायका असतात. मी म्हटलं, त्यात नवीन काय?

पण त्यांना खरा त्रास झाला तो चाळीतल्या भाविक बायकांचा. समोरच्या कुसुमच्या नवऱ्याला साडेसाती होती. शनिवारी काळ्या मुंग्यांना पीठसाखर घाला, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. आधी ती बिचारी वारूळ शोधत नाल्यापर्यंत जायची. आता शेजारीच सोय झाली. तिचं बघून आणखी तिघीचौघी वाट्या घेऊन आल्या. वरून पीठ पडायचं, आतल्या ओलीनं त्याला बुरशी धरायची आणि परब चिमट्यानं ते उपसत बसायचे. शेवटी त्यांनी पाटी लावली: 'येथे पुण्य करू नये. हुकमावरून.' बायकांनी पाटीला हळदकुंकू लावलं आणि पीठ घालून गेल्या.

पुढे मुलाचं लग्न झालं. त्यानं चाळीतली खोली विकून बदलापूरला ब्लॉक घेतला. सून चांगली होती, पण म्हणाली, "नव्या घरात मुंग्या आणायच्या नाहीत." तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही आणू दिल्या नसत्या.

सामान टेम्पोत चढलं तरी परब चौकट हातात धरून ओट्यावर बसून होते. मी म्हटलं, ठेवा माझ्याकडे. मुंग्यांवर माझं काही प्रेम नव्हतं, पण टेम्पोवाला खोळंबला होता.

तेव्हापासून दर रविवारी ते बदलापूरहून यायचे. खिशात साखरपाण्याची बाटली. बोळ्यानं दोन थेंब टाकायचे, कापड उचलून बघायचे आणि जेवायच्या वेळेपर्यंत बसायचे. वर मला रिपोर्ट द्यायचे, की या आठवड्यात प्रॉडक्शन कमी आहे.

एका शनिवारी मी पापड पोचवायला उल्हासनगरला गेले होते. एका सिंधी बाईसाठी मी पापड लाटायचे. मी नसताना कुसुम आली. नवऱ्याचं काम सुटलेलं, म्हणून या वेळी तिनं वाटीभर घातलं आणि वर तांब्यातलं पाणीही सोडलं, तहान लागली असेल म्हणून. मी आले तर काचेत सगळा चिखल. एकही हलत नव्हती.

रविवारी परब आले. मी दारातच सांगितलं, "भाऊजी, मेल्या सगळ्या. कुसुमनं पुण्य केलं."

त्यांनी कापड उचललं, बघितलं, परत सोडलं. मी म्हटलं, मोरीपाशी ढीगभर फिरतायत, भरून घ्या.

"भरायचोच की मी," ते म्हणाले. "राणी कधी सापडलीच नाही मला. राणी नाही तर पिल्लं नाहीत. आहेत त्या संपत आल्या, की नव्या आणून सोडायचो."

"मग तुमची ती लीडर?"

"लीडर दर लॉटात निघतेच."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. साखरपाण्याची बाटली हातात फिरवत राहिले. म्हणाले, "आता डोळ्यांना बारीक दिसत नाही, वहिनी. नव्या पकडता येणार नाहीत. पण घरी सांगून निघतो ना मी, मुंग्यांना पाणी घालायला जातो म्हणून. आता काय सांगून निघू?"

"मुंग्या बऱ्या आहेत म्हणून सांगा," मी म्हटलं.

पाटावर पापडाचं पीठ मळून ठेवलं होतं. ते मी त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, रिकामे बसू नका, हात धुऊन लाट्या करा. त्यांनी बाह्या वर केल्या. लेथवर हात बसलेला माणूस, पण लाट्या एक सुपारीएवढी, एक लिंबाएवढी. सिंधी बाई एकसारखे नसलेले पापड परत करायची. एरवी मी कुणाच्याही हातून पीठ काढून घेतलं असतं.

मी तशाच लाटल्या. पुढच्या रविवारीही.