मांजरांचं जपान

आमच्या सोसायटीच्या भिंतीवर मांजरं राहतात आणि ती जपानी सण साजरे करतात. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. गणपतीची वर्गणी मागताना जिथे माझ्या चपला झिजतात, त्या विचुंब्यातल्या आमच्या इमारतीत, गेटाला लागून कंपाउंडच्या आतल्या बाजूला, झगे घातलेली मांजरं कंदील धरून उभी असतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे चिडायचं काम माझं.

ही मांजरं भिंतीवर रंगवतात पहिल्या मजल्यावरचे कमळाकर भोईर, आमचे दादा. उमेदीच्या काळात दादा जहाजावर स्वयंपाकी होते आणि त्यांची बोट वर्षानुवर्षं जपानच्या फेऱ्या करायची. आता सत्तरी उलटली, पण त्यांचं पंचांग अजून तिकडचंच. आपण ‘काय दादा, बरं आहे ना?’ असं विचारावं, तर उत्तर येतं, “जपानला आज भुतं हाकलाचा सन हाय.” जपानला काही नसेल त्या दिवशी दादा नुसती मान हलवतात.

मांजरंच का, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. म्हणाले, “मानसाचं तोंड काढलं की ते कोनासारखं तरी दिसतं. मंग भांडन.”

भांडण काही टळलं नाही. भुतांच्या त्या सणाला तिकडे भाजलेले दाणे फेकतात म्हणे. दादांनी वाल भाजले आणि गेटात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर मुठी भरभरून फेकले. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी करतात, शेजाऱ्यांच्या अंगावर उधळत नाहीत. मी त्यांना तसं स्पष्ट सुनावलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तुमाला लागलं ना? मंग भूत तुमच्यातच होतं.”

मे महिन्यात त्यांनी काठीला टांगलेले कापडी मासे काढले आणि खाली जिभल्या चाटणारी मांजरं. जपानात मुलांच्या सणाला असे मासे घरावर उभारतात. तिसऱ्या मजल्यावरच्या साने वहिनी माझ्याकडे आल्या : भिंतीवर बोंबील वाळत घातले आहेत, आम्ही शाकाहारी माणसं, हे चालणार नाही. दादांनी त्यांना भिंतीपाशी नेलं आणि बोंबलाला एवढे मोठे खवले असतात का, असं विचारलं. वहिनींनी जन्मात बोंबील पाहिला नव्हता. वाद तिथेच अडकला.

पण वहिनी हार मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी शोधून काढलं की सगळी मांजरं उजवीकडून डावीकडे चालली आहेत. म्हणजे सकाळी कामावर निघालं की मांजर आडवं जातं. त्या परत घरी जायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, पुन्हा खाली यायच्या. मांजरं तिथेच, तशीच आडवी चाललेली. चितारलेलं मांजर आडवं गेलेलं धरायचं की नाही, यावर शिकल्यासवरल्या माणसांनी सर्वसाधारण सभा घालवली. पाण्याच्या टँकरचा विषय राहून गेला. शेवटी मी टेबलावर हात आपटला आणि ठराव झाला : यापुढे मांजरांनी आडवं चालू नये, सरळ चालावं.

दादांनी ठराव पाळला. पाऊस ओसरला, तिकडचा चंद्र बघायचा सण आला आणि भिंतीवर कर्नाळ्याचा सुळका उगवला. सुळक्यावर चंद्र, आणि त्याच्याकडे निघालेली मांजरांची रांग, सगळी पाठमोरी. शेपट्या वर. वहिनींना रोज सकाळी काय बघावं लागत होतं, ते मी लिहीत नाही.

“सरल चालल्यात,” दादा म्हणाले.

कमिटीने भिंत दिवाळीआधी क्रीम रंगाने रंगवायचं ठरवलं. यापुढे तिच्यावर काहीही काढायचं नाही. पेंटर रविवारी येणार होता. दादांना सांगायचं काम अर्थातच माझं.

मी तावातावाने जिना चढलो. जिन्यातच भाषण तयार केलं. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. त्यांची बायको अंथरुणाला खिळली आहे एवढं मला माहीत होतं. चौकशी मात्र मी कधी केली नव्हती.

यमुनावहिनींची खाट खिडकीला लावलेली होती. खिडकीतून समोर ती भिंत दिसत होती, आणि दुसरं काहीच नाही.

“बोटीच्या हापिसातून आलात का?” त्यांनी मला विचारलं. मग म्हणाल्या, “भाऊ, साहेबांना चा ठेव.”

घरात भाऊ कोण, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. दादा उठून स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या मागे गेलो.

“मीच तुझा मालक, असं सांगलं की घाबरते,” ते आधणाकडे बघत म्हणाले. “परका मानूस घरान शिरला म्हनून ओरडते. भाऊ म्हनून घेतलं, तर हातचं जेवते तरी. तिचा मालक अजून जपानला हाय. भिंतीवर सन बदलला की तिला समजतं, बरा हाय.”

स्वतःचा असा संताप मला कधी आला नव्हता. मी बाहेर येऊन खाटेपाशी बसलो.

“कवा येनार वो ते?” वहिनींनी विचारलं.

मी खोटं बोलत नाही. निदान तसा माझा समज होता. पण त्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं आणि मी म्हणालो, “निघालेत, वहिनी.”

त्यांचा चेहरा उजळला. उठून बसायची धडपड करत त्यांनी हाक मारली, “भाऊ, फनी आन. ते यायच्यात.”

दादांनी चहा खाली ठेवला. फणी आणली. त्यांना टेकून बसवलं आणि केस विंचरून वेणी घातली, नीट, गुंता न ओढता. वहिनी पूर्ण वेळ दाराकडे बघत होत्या.

मला पोचवायला दादा जिन्यापर्यंत आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“शेक्रेटरी,” ते म्हणाले, “आता मी येऊ कुठून?”

रविवारी मी पेंटरला मागची भिंत रंगवायला लावली. सभेत मला कारण विचारलं गेलं. ते मी सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. त्याऐवजी आजवर कुणाला दिली नसतील इतकी उत्तरं मी आवाज चढवून दिली. साने वहिनी मला हुकूमशहा म्हणाल्या. म्हणू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पेंटरच्या लाकडी घोड्यावर चढले होते आणि पांढऱ्या रंगाचा डबा धरून मी खाली उभा होतो. भिंतीवर बोट होती, डेकवर एक मांजर, आणि चहूकडून बर्फ. बोट बर्फात अडकली, म्हणून उशीर. दादांना ते पटत नव्हतं. तिकडे बर्फाचा सण थंडी सरताना येतो, इतक्यात कुठला बर्फ, असं ते दोनदा म्हणाले.

“यंदा लवकर पडला,” मी म्हणालो आणि डबा वर केला. “जरा जास्तच घाला, दादा.”