शिरधनकर सरांची तुटक रेघ

आमच्या शेजारचे शिरधनकर सर कुठलीही वस्तू समोरून बघत नाहीत. आधी तिच्या मागे जातात. आम्ही नवा फ्रिज आणला तेव्हा अख्खा मजला त्याचा रंग बघत होता आणि सर फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये अडकले होते. "दाराचं कौतुक कसलं करताय? मागची बाजू बघितलीत का?" असा आतून आवाज आला.

सर भाईंदरच्या एका शाळेत भूमिती शिकवायचे. "सपाट!" हा त्यांचा लाडका शब्द. चहा सपाट, बातम्या सपाट, नवी पिढी तर साफ सपाट. "फ्लॅटमध्ये राहून राहून माणसं फ्लॅट झाली हो, सेक्रेटरी!" सोसायटीचा सेक्रेटरी मी. माझ्या पोटाकडे नजर गेली की मात्र ते वाक्य अर्ध्यात गिळायचे.

माझी मुलगी ऋचा त्यांच्याकडे शिकायला जायची. त्यांच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, पुठ्ठा चिकटवून केलेला घन सर तिच्या हातात द्यायचे, डोळे मिटून चाचपायला लावायचे, मग वहीत काढायला सांगायचे. समोरच्या कडा भरीव रेघेने, मागच्या तुटक रेघेने. ऋचा मागच्या हमखास विसरायची.

"तीन कडा चोरीला गेल्या!" सर कपाळ धरायचे. "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं असतं का गं?"

एकदा मीही विटेसारखी इष्टिकाचिती काढून बघितली.

"सेक्रेटरी, ही इष्टिकाचिती आहे की उशी?"

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर आले. पडद्यावर घन गरगर फिरायचा. पहिल्याच दिवशी सर सवयीने मॉनिटरच्या मागे डोकावले. तिथे नुसत्या वायरी. वर्ग हसला. तरी सरांनी नेटाने आधी पुठ्ठा, मग पडदा, मग वही असं चालवून बघितलं. घन थांबवून विचारायचे, "आता मागून कसा दिसेल, सांगा."

"सर, क्लिक करा ना!"

यंदा सर रिटायर झाले. वहिनींनी केलेले वर्गातले घन शाळेने रद्दीत दिले. "तीस वर्षांत एकालाही मागचं दिसलं नाही. सपाट," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कशाच्याच मागे जाईनात.

दिवाळीआधी सोसायटी रंगवायला काढली. रंगारी म्हणाला, "साब, सर की पाटी पे नीचेवाला नाम आधा उड गया है. भर दूं?"

मुर्ध्याच्या खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या सगळ्याच पाट्या खाल्ल्यात. मी म्हटलं, "भर दो. एकदम पक्का."

सकाळी बघतो तर सर ब्लेड घेऊन दारात उभे. 'सौ. सुनंदा शिरधनकर' ही अक्षरं थोड्या थोड्या अंतराने खरवडत होते.

"अहो सर, कालच रंगवलंय ते!"

"भरीव कुणी केलं?"

"मीच सांगितलं. वाटलं, उडालंय."

"उडालं नव्हतं. ती गेल्यावर मीच तसं केलं होतं." त्यांनी मान वळवली नाही. "लोक म्हणाले, आता नाव पुसा. पुसायचं कसं?"

मी घरात जाऊन माझं दाढीचं ब्लेड घेऊन आलो. सरांनी ब्लेडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जरा सरकून जागा केली.

"आडनाव तुम्ही घ्या," ते म्हणाले. "सुनंदा मी करतो. आणि अंतर सारखं ठेवा, सेक्रेटरी. उशी करू नका."